जागा आपलीच आहे, साहेब

६ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार, खुशाली, हवापाणी सगळं नंतर. आधी हे वाच. बाबांना धरलंय.

चोर म्हणून नव्हे. गुरुवारी सकाळी ते नेहमीसारखे पंपघराकडे फिरायला गेले आणि मागे नाका बंद झाला. आता तो कायमचाच बंद म्हणतात. दवंडी नाही, सूचना नाही, काही नाही. गल्लीच्या टोकाला सीमेवर तारेचं कुंपण गेल्या महिन्यापासून चढत होतंच, पण मधे माणूस जाईल एवढी फट ठेवली होती. पहारेकरी ओळखीचे होते, ते बाबांना "या पंपवाले" म्हणून सोडायचे. त्या दिवशी नेमके पहारेकरी बदललेले. बाबा आत गेले, त्यांच्या त्या जुन्या व्हॉल्व्हच्या चाकावर हात फिरवला, परत यायला निघाले, तर फटीच्या जागी लोखंडी फाटक. कुणीतरी विचारलं, "कुठले तुम्ही? इकडचे की तिकडचे?"

बाबा काय म्हणाले असतील ते तुला सांगायला नको. म्हणाले, "आपलाच आहे."

दोघे पहारेकरी हसले म्हणे. मग त्यांना नाक्यामागच्या गोदामात नेऊन बसवलं. तिथे असे आणखी काही जण आहेत, दोन्हीकडून नको झालेले. मी फाटकाशी जाऊन घसा फुटेस्तोवर ओरडले. नाक्यावरचा साहेब बाहेर आला, तरुण आहे, तोंडानं बरा आहे. म्हणाला, "बाई, हे स्वतःचं गाव सांगत नाहीत, नाव विचारलं तर 'बसा, चहा घ्या' म्हणतात. आम्ही काय करायचं?"

त्याचं तरी काय चुकलं? तू गेलास तेव्हाचे बाबा आता राहिले नाहीत. नातवंडांची नावं एकमेकांना चिकटवतात. आई गेली हे दर थोड्या दिवसांनी त्यांना नव्यानं सांगावं लागतं, आणि दर वेळी ते नव्यानं रडतात. म्हणून हल्ली मी सांगत नाही, बाजारात गेलीय म्हणते.

तू तिकडचा आहेस. तिकडच्या सरकारचे नकाशे काढतोस, तुझ्या सहीला वजन असेल. गाडीनं अर्ध्या दिवसाचा रस्ता. ये, आणि त्या साहेबासमोर उभा राहून सांग की हे माझे वडील. एवढंच. आई गेल्यावर मी लिहिलेल्या पत्राला तू उत्तर दिलं नव्हतंस. ते भांडण मी संपलं म्हणत नाही, पण आत्ता ते बाजूला ठेव. मला भीती वाटतेय, दादा. खरंच भीती वाटतेय.

कात्री
(विसरला असशील तर, हे नाव तूच ठेवलं होतंस.)

११ नोव्हेंबर

दादा,

तुझं उत्तर आलं. टाइप केलेलं! "संबंधित कार्यालयात रीतसर अर्ज करावा." बापासाठी रीतसर. तुझ्या बोटांना लाज वाटली म्हणून मशीनवर बडवलंस काय?

केला अर्ज. आपल्याकडच्या कारकुनानं यादी वर-खाली पाहिली आणि कानावर हात ठेवले. नवा कायदा असा आहे म्हणे: ज्या दिवशी रेघ ओढली, त्या दिवशी माणूस जिथे राहत होता तिथला तो. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, आता एकाएकी सगळ्यांना रेघेचं प्रेम आलंय. आणि त्या दिवशी आपण सगळे राहत होतो पंपघराच्या खोल्यांत. म्हणजे रेघ जिथे नाकासारखी आपल्या बाजूला घुसलीय, त्या नाकात. मी नवऱ्याच्या घरामुळे इकडची झाले, तू तिकडे जाऊन तिकडचा झालास. आई सुटली. उरले बाबा.

"मग ते तिकडचे," कारकून म्हणाला.

"तिकडचे म्हणतात इकडचे."

"मग कागद दाखवा."

बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणतात ना? अरे, मी बाप दाखवत होते! खिडकीतून बोट करून! तारेपलीकडे गोदामाच्या पायरीवर बसलेला दिसत होता. कारकुनानं मान वर करून पाहिलंसुद्धा. म्हणाला, "दिसतात खरे." आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

आता तुला जे ऐकायचं नाही ते लिहिते. ह्या सगळ्याच्या मुळाशी बाबांचं ते एक वाक्य आहे, असं तू म्हणतोस, गाव म्हणतं. मी तेव्हा लहान होते, मला गोष्ट आठवते ती आईच्या तोंडची. मोजणीवाले उन्हातून आले. साखळी, खुंट्या, छत्री, सगळा लवाजमा. बाबांनी त्यांना पंपघराच्या सावलीत बसवलं, गार पाणी दिलं, आईला चहा टाकायला सांगितला. साहेब तिकडचा होता. घाम पुसत त्यानं विचारलं, "ही जागा कुणाची?"

बाबा म्हणाले, "आपलीच आहे, साहेब. बसा निवांत."

झालं! साहेबानं लिहून घेतलं. स्थानिक इसमाच्या सांगण्यानुसार जागा आपली. कुणी खोटं बोललं नाही, कुणी फसवलं नाही. आई म्हणायची, त्यांनी विचारलं जमिनीचं, ह्यांनी उत्तर दिलं पाहुणचाराचं. दुसऱ्या दिवशी सरळ येणारी रेघ आपल्या गल्लीपाशी बाहेर आली, पंपघराला वळसा घालून परत गेली, आणि गावाचं पाणी तिकडे गेलं.

बाबांना बाकीच्या रेघेचीही कारणं माहीत होती, कारण पुढे साहेबाला वाट दाखवायला तेच गेले होते. वीटभट्टीपाशी ती डावीकडे सरकते, कारण भट्टीवाल्याचं कुत्रं साखळीवाल्याच्या अंगावर धावलं. तळ्याच्या वर एक विनाकारण कोपरा आहे, तिथे जीप चिखलात रुतली होती. त्यापुढे मात्र ती अगदी सरळ जाते, कारण साहेबाला ताप आला आणि उरलेली त्यानं खोलीत बसून पट्टीनं ओढली. तुम्ही शिकलेली माणसं त्या रेघा गिरवता आणि आत इतिहास आहे म्हणता. आत कुत्रं आहे, दादा.

मी शिवणकाम करते. कापताना आत थोडी माया ठेवावी लागते, म्हणजे पुढे माणूस जाड झाला, बारीक झाला तरी उसवून सावरता येतं. ह्या लोकांनी माया ठेवलीच नाही. अगदी टाक्याशी कापलं.

गावानं बाबांना 'आपलंच' हे नाव पाडलं. नळ कोरडा पडला की पोरं दारावरून ओरडत जायची, "आपलंच, ओ आपलंच!" बाबा दार उघडून विचारायचे, "काय रे, पाणी हवं का?" ते ऐकून तू उंबऱ्यावर उभा राहून त्यांना म्हणालास, "तुम्ही तोंड शिवून घेतलं असतं तर बरं झालं असतं." आणि गेलास. मला तुझा राग कळतो. कॉलेजात तुला काय काय ऐकावं लागलं तेही माहीत आहे. पण माणसाला त्याच्या चांगल्या सवयीची शिक्षा किती वर्षं द्यायची?

ह्या वेळी हातानं लिही.

कात्री

१७ नोव्हेंबर

दादा,

आज भेट मिळाली. भेट म्हणजे तारेच्या दोन बाजूंना उभं राहायचं, मधे हातभर अंतर, आणि साहेब घड्याळाकडे बघतो.

वाळलेत रे. पँट दोरीनं बांधली होती. दाढीचे खुंट वाढलेत. मी चेहरा कसाबसा सरळ ठेवला. त्यांनी मला ओळखलं, नावानं हाक मारली, आणि पहिला प्रश्न काय विचारला? "मोठा आला का?"

मी इथे रोज फाटकाशी घसा फोडतेय, आणि म्हाताऱ्याला तू हवास! आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला सांगायचं? म्हटलं, "येतोय, वाटेत आहे." दुसरं काय म्हणणार होते?

आत त्यांची कीर्ती पसरलीय. पहारेकऱ्याला स्वतःची सतरंजी सरकवून "टेका जरा" म्हणतात. साहेब गोदामात आला की उठून उभे राहतात आणि विचारतात, "काही हवंय का तुम्हाला?" त्यांना वाटतं सगळे त्यांच्याकडे आलेत. साहेब मला म्हणाला, "बाई, कैदेतला माणूस यजमान झालेला मी पहिल्यांदा बघतोय." हसला, आणि मग हळूच म्हणाला, "ह्यांचं काहीतरी करा. महिनाअखेरीला ट्रक येतो."

ज्यांना कुणी आपलं म्हणत नाही, त्यांना छावणीत नेतात. कुठे आहे विचारलं तर दक्षिणेकडे म्हणून नुसता हात हलवला. गेल्या महिन्याच्या ट्रकमधून आमच्या कोपऱ्यावरचा घड्याळजी गेला. त्याची बायको अजून रोज टपालवाल्याच्या मागे फिरते. टपालवाल्यानं आता तिच्या गल्लीतून यायचंच सोडलंय.

बाबा छावणीत आठवडाभरही टिकणार नाहीत. शेजारी कुणी बसल्याशिवाय ते घास खात नाहीत. तिथे कोण बसणार आहे?

घरी आले तर तुझं पत्र. हाताचं. अक्षर अजून तसंच, 'ळ'ची शेपटी लांबवतोस. पहिली ओळ वाचून मी खालीच बसले. तू रजा टाकून जुना नकाशा काढून पाहिलास, नाक्यावरच्या साहेबाला भेटायची परवानगी मागितलीस. दादा, एवढं वाचलं तेव्हा मी तुझे सगळे अपराध माफ केले होते.

मग पुढचं वाचलं.

म्हणजे बाबा तिकडचे ठरू शकतात, कारण पंपघर नाकात, आणि तू त्यांची जबाबदारी घ्यायला तयार आहेस. पण कायद्यात खाली बारीक अक्षरांत आहे, की ज्याचं लेकरू सीमेपलीकडे आहे तो सीमेपलीकडचा. म्हणून मी लिहून द्यायचं. की हा माणूस माझा कुणी नाही.

हे तू मला किती नीट अक्षरांत लिहिलंयस रे. एक खाडाखोड नाही.

जमणार नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं मी केलं, बाबांचं मी करतेय. त्यांच्या शर्टाची कॉलर उलटून शिवणारी मी, त्यांनी रात्री बाहेर जाऊ नये म्हणून कडीला घुंगरू बांधणारी मी, आणि कागदावर मुलगी मी नाही? दुसरा रस्ता शोध. नकाशेवाला आहेस ना, मग शोध!

२२ नोव्हेंबर

दादा,

दुसरा रस्ता नाही. मीच सगळीकडे जाऊन आले. नगरपालिकेत नाकी नऊ आले. (हस. नाकामुळेच आले.) पुढाऱ्याकडे गेले, तो म्हणाला, निवडणूक होऊ द्या. वकिलीणबाईंकडे गेले, त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, म्हणाल्या, "खटला चालेल, पण ट्रक खटल्यासाठी थांबत नाही." घरी हे म्हणाले, "दे लिहून. कागदच तो." मी ताट आपटलं. मग हेच उठून बाहेर गेले आणि जिन्यात तोंड फिरवून उभे राहिले. ह्यांचा बाबांवर माझ्याहून जास्त जीव आहे, फक्त बोलता येत नाही.

काल पुन्हा तारेशी गेले. बाबा पायरीवर बसले होते. मी हाका मारल्या, त्यांनी पाहिलं, हात हलवला, पण उठता येईना. एका पहारेकऱ्यानं त्यांना बगलेत धरून उभं केलं. तेव्हा माझं ठरलं.

उद्या सही करते.

आता नीट ऐक. ह्या सहीचा अर्थ तुझ्या लक्षात आला का, मला शंका आहे, कारण तू तो लिहिला नाहीस. मी बाबांची मुलगी नाही, म्हणजे मी तुझी बहीणही नाही. नाक्यावर आता पत्रं फोडून वाचतात. माझं 'दादा' म्हणून पत्र सापडलं, तर सही खोटी ठरेल आणि बाबांना तुझ्या घरातून उचलतील. म्हणून हे शेवटचं. हे पत्र टपालानं पाठवत नाही, दूधवाल्याच्या गाडीतून येतंय, त्याचीही फेरी उद्यापासून बंद. पुढे एखादं आलंच तर ते परक्या बाईचं असेल. तू ते परक्यासारखंच वाच.

इतकी वर्षं तू बोलत नव्हतास तेव्हा मला वाटायचं, भाऊ नसल्यासारखाच आहे. किती मूर्ख होते! नसल्यासारखा आणि नाही, ह्यात केवढं अंतर असतं. तुझं हातानं लिहिलेलं पत्र आलं आणि माझा भाऊ परत आला, आणि त्याच पत्रात गेला.

तुझ्याकडून एकच वचन हवंय. त्यांना पाण्याबद्दल कधी बोलू नकोस. त्यांनी गावाचं पाणी गमावलं, हे त्यांना अजून कळलेलं नाही. एवढ्या वर्षांत त्यांना वाटत आलंय की त्या दिवशी दमलेल्या माणसांना सावलीत बसवलं, आणि ते बरं केलं. तसंच वाटू दे. तुझं मत तुझ्यापाशी ठेव. आणि त्यांना संस्थेत वगैरे ठेवलंस, तर मी कुंपण चावून तोडून येईन, सही गेली चुलीत.

दादा. दादा. दादा. पुन्हा लिहिता येणार नाही म्हणून लिहून घेतलं.

तुझी कात्री

२९ नोव्हेंबर

महोदय,

तुमची-माझी ओळख नाही. काल नाक्यावर गर्दी होती, तिच्यात उभी असलेली मी एक शिवणकाम करणारी बाई. तुम्ही ज्या वृद्ध गृहस्थांना घेऊन गेलात ते पूर्वी आमच्या गल्लीत राहत. शेजारधर्म म्हणून थोडं कळवते.

त्यांना गोळी हातात दिली तर ते ती खिशात टाकतात. ती पाण्याबरोबर समोर घ्यायला लावावी. त्यांच्या डाव्या गुडघ्याला थंडी सोसत नाही. घरातला एखादा नळ गळत असेल तर त्यांना झोप लागत नाही, तो दुरुस्त करून घ्यावा, किंवा सरळ त्यांच्या हातात पाना द्यावा. जेवताना शेजारी कुणीतरी बसावं. स्वतः नाही जेवलं तरी चालेल, नुसतं बसावं. त्यांनी पत्नीची चौकशी केली तर बाजारात गेली आहे, असं आमच्या गल्लीत सांगत असत.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला दिसली नसेल, कारण तुम्ही तेव्हा आत साहेबांच्या टेबलापाशी होता.

गाडीकडे जाताना हे गृहस्थ तारेजवळ थांबले. पलीकडे उभ्या असलेल्या एका बाईला त्यांनी हाक मारली. म्हणाले, "अगं, अशी उन्हात काय उभी राहिलीस? चल ना घरी." दोन्ही बाजूंचे पहारेकरी बघत होते. एकानं त्या बाईला विचारलं, "ओळखता का ह्यांना?" बाई म्हणाली, "नाही हो. कोण आहेत हे?" तिचा आवाज चांगला खणखणीत होता. तिनं घरी आरशासमोर सराव केला होता.

गृहस्थ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांना फार संकोच वाटला. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "माफ करा हं बाई. आमची मुलगी वाटलात मला. तुम्हाला उगीच त्रास झाला."

त्या बाईला त्यांनी जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

ते गाडीत बसेपर्यंत मागे वळून बघत होते. परक्या बाईला अगं-तुगं केलं, हे त्यांच्या मनाला लागलं असणार. रस्ताभर त्यांनी तुम्हाला विचारलं असेल, अजूनही विचारत असतील, की ती बाई रागावली का. तर कृपा करून त्यांना सांगा, जितक्या वेळा विचारतील तितक्या वेळा सांगा, की ती रागावली नाही.